क्रँकबेटसाठी रॉड निवडताना: काच, कार्बन की दोन्हींचे मिश्रण?

क्रँकबेट म्हणजे गळ लावलेले, पाण्यातून ओढून चालवायचे कृत्रिम आमिष. त्यासाठी रॉड, म्हणजे मासेमारीची काठी, घेताना बहुतेकांची नजर आधी वजनावर आणि मग कार्बनच्या आकड्यांवर जाते. रॉड जितका हलका आणि ताठ तितका चांगला, हा हिशेब एकाच टोकाच्या मोठ्या गळाने मासेमारी करताना बऱ्याच अंशी खरा ठरतो. क्रँकबेटच्या बाबतीत मात्र त्याच हिशेबापायी हाती आलेले मासे निसटतात. म्हणून रॉड कशाचा घ्यावा हे ठरवताना सुरुवात रॉडपासून न करता आमिषाला लावलेल्या गळापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहुतेक क्रँकबेटच्या तोंडाशी पुढे आलेली एक पट्टी असते. रीळ फिरवले की ती पट्टी पाण्याचा दाब घेते, आमिष डोके खाली घालून खोल जाते आणि दोन्ही अंगांना थरथरत पुढे येते. बहुतेक क्रँकबेटना पोटाखाली एक आणि शेपटीशी एक असे दोन तिहेरी गळ असतात. त्यांची तार बारीक आणि आकड्याचे तोंड अरुंद असते, त्यामुळे ते सहज रुततात, पण खोल रुतत नाहीत. मासा होडीजवळ आल्यावर नीट पाहिले, तर पुष्कळदा तीनपैकी एकच आकडा जबड्याच्या कडेच्या पातळ कातडीत अडकलेला दिसतो आणि बाकीचे आमिष बाहेर लोंबकळत असते. मासा डोके झटकतो तेव्हा त्या लोंबकळणाऱ्या आमिषाचे वजनच आकड्याला उलटसुलट हिसके देते. प्रत्येक हिसक्यासरशी कातडीतले भोक थोडे रुंदावते, आणि त्यानंतर दोरी क्षणभर जरी सैल पडली तरी आकडा बाहेर येतो.

अशा वेळी ताठ रॉड दोन्हीकडून घात करतो. मासा उसळी मारून दूर पळाला की तो पुरेसा लवत नाही, त्यामुळे ताण एकदम वाढून कातडी फाटते. मासा आपल्या दिशेने वळला की तो लगेच सरळ होतो आणि दोरीत ढिलाई येते. खोलवर लवणारा रॉड मात्र दोन्ही वेळा आपली लवण कमी-जास्त करत दोरीवरचा ताण जवळपास सारखा ठेवतो. मासा आमिष घेतो त्या क्षणीही हीच लवण उपयोगी पडते. मासा तोंड उघडून आमिष पाण्यासकट आत ओढतो, आणि त्याच वेळी आपण रीळ फिरवून ते आमिष पुढे खेचत असतो. शेंडा मऊ असेल तर तो थोडा पुढे झुकतो आणि आमिष माशाच्या तोंडात आणखी आत जाते. शेंडा ताठ असेल, तर आपला हात नकळत हिसका देतो आणि आमिष ओठांवरूनच परत येते.

थोडक्यात, आपल्याला हवी आहे ती लवण, आणि रॉडचा पदार्थ हा ती लवण मिळवण्याचा एक मार्ग आहे. एकमेव मार्ग मात्र नाही, आणि त्याकडे पुढे येतोच.

काच आणि कार्बन यांच्यात नेमका फरक काय

आजचे बहुतेक रॉड म्हणजे तंतू आणि राळ यांची पोकळ नळी असते. राळ मुरवलेल्या तंतूंचे कापड ठरावीक आकारात कापून पोलादाच्या निमुळत्या सळईवर घट्ट गुंडाळतात, वरून पट्टी आवळून भट्टीत भाजतात आणि मग सळई काढून घेतात. तंतू काचेचे असले तर ग्लास रॉड, कार्बनचे असले तर ग्रॅफाइट किंवा कार्बन रॉड, आणि दोन्ही वापरले असतील तर काँपोझिट रॉड.

तंतूंच्या गुणांमधील अंतर मोठे आहे. पदार्थाचा ताठपणा ज्या मापाने मोजतात त्याला मॉड्युलस म्हणतात. नेहमीच्या ई-ग्लास तंतूचा मॉड्युलस सुमारे ७२ गिगापास्कल असतो, तर साध्या प्रतीच्या कार्बन तंतूचा सुमारे २३०. घनता पाहिली तर काच सुमारे २.५५ आणि कार्बन सुमारे १.८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर भरतो. म्हणजे काच वजनाने जड आणि ताठपणात कार्बनच्या एक तृतीयांशाच्या आसपास. तेवढाच जोर असलेला रॉड काचेचा बनवायचा झाला तर नळी जाड किंवा रुंद करावी लागते, आणि ग्लास रॉड हातात घेतल्यावर शेंड्याकडे जड वाटतो तो यामुळेच. दुसऱ्या बाजूला, तुटण्यापूर्वी काचेचा तंतू आपल्या लांबीच्या साडेचार-पाच टक्के ताणला जातो, आणि साधा कार्बन दीड ते दोन टक्क्यांच्या आसपास तुटतो. कार्बन जितका जास्त मॉड्युलसचा, तितका तो सामान्यतः कमी ताणला जातो. काचेचा रॉड मुठीपर्यंत वाकूनही का टिकतो आणि महागडा ताठ कार्बन रॉड एखाद्या चुकीच्या कोनात का तुटतो, याचे कारण या आकड्यांत आहे.

काचेतही दोन प्रती प्रचलित आहेत. एस-ग्लासचा तंतू ई-ग्लासपेक्षा सुमारे वीस टक्के ताठ आणि अधिक मजबूत असतो, म्हणून त्याचा रॉड तेवढ्याच जोराला थोडा सडपातळ आणि हलका करता येतो. दिवसभर फेकायचे असेल आणि काचच हवी असेल, तर एस-ग्लाससाठी थोडे जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटते. भरीव काचेचे स्वस्त रॉडही मिळतात. ते जवळजवळ तुटत नाहीत, पण सतत फेकण्याच्या कामाला ते फार जड पडतात.

कार्बन रॉडवर २४ टन, ३० टन, ४० टन असे आकडे छापलेले असतात. हे आकडे रॉड किती वजन उचलेल ते सांगत नाहीत. ते तंतूच्या मॉड्युलसचे, प्रति चौरस मिलिमीटर टनांत मांडलेले माप आहे. २४ टन म्हणजे साधारण २३५ गिगापास्कल, ३० टन म्हणजे साधारण २९५. काही रॉडवर दिसणारी आयएम६, आयएम७ ही तर मुळात हेक्सेल कंपनीच्या तंतूंची व्यापारी नावे आहेत आणि ती दर्जाची सर्वमान्य श्रेणी नव्हे. क्रँकबेटसाठी यातला कमी आकडाच बहुधा जास्त उपयोगाचा असतो. ४० टनी कार्बनचा रॉड हातात फार छान वाटतो, तळाचा प्रत्येक खडा त्यातून कळतो, पण तिहेरी गळ लावलेल्या चालत्या आमिषासाठी तो मी कोणाला सुचवणार नाही.

१९७३ मध्ये फेनविक कंपनीने ग्रॅफाइटचा रॉड बाजारात आणला आणि त्यानंतर काचेचे रॉड जवळपास सगळ्याच प्रकारच्या मासेमारीतून मागे पडत गेले. क्रँकबेट फेकणाऱ्यांनी मात्र काच पूर्णपणे कधी सोडली नाही. जुन्या सवयीपेक्षा वर सांगितलेली गळाची गोष्टच त्याला अधिक कारणीभूत आहे.

नळीचा आकारही तितकाच महत्त्वाचा

पदार्थ एवढाच प्रश्न असता तर हा लेख इथेच थांबला असता. रॉड कुठून आणि किती वाकेल हे नळी किती झपाट्याने निमुळती होत जाते, तिची जाडी कुठे किती ठेवली आहे आणि कापड कसे कापले आहे यावरही ठरते. वाकण्याच्या या जागेला अ‍ॅक्शन म्हणतात. फास्ट रॉड वरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात वाकतो, मॉडरेट रॉड मधल्या भागापर्यंत लवतो, आणि स्लो रॉडची कमान पार मुठीकडे जाते. पॉवर ही वेगळी गोष्ट आहे: रॉड वाकवायला किती जोर लागतो, ते पॉवर सांगते. या दोहोंची गल्लत दुकानातही सर्रास होते. मऊ रॉड मागितला की विक्रेता कमी पॉवरचा फास्ट रॉड पुढे करतो, आणि तो क्रँकबेटसाठी अगदी चुकीचा ठरतो, कारण त्याचा शेंडा लगेच पूर्ण वाकतो आणि त्याखाली एकदम ताठपणा लागतो.

साध्या मॉड्युलसच्या कार्बनपासून मॉडरेट अ‍ॅक्शनचा उत्तम रॉड बनवता येतो आणि तो अनेक कंपन्या बनवतातही. उलट, काचेचा असूनही बुंध्याशी जाड ठेवल्यामुळे अपेक्षेपेक्षा ताठ निघालेले रॉडही असतात. फरक उरतो तो परत सरळ होण्याच्या वेगात. तेवढाच वाकवलेला कार्बन रॉड चटकन सरळ होतो, तर काच जड असल्याने सावकाश सरळ होते. माशाने डोके झटकल्यावर काचेचा हा संथपणा उपकारक ठरतो. नेमक्या जागी आमिष टाकायचे असेल तेव्हा तोच अडचणीचा होतो.

फेकण्याची लयही त्यामुळे बदलते. कार्बनची सवय असलेला माणूस ग्लास रॉड हातात घेतल्यावर पहिल्या काही फेकींत हमखास घाई करतो: रॉड मागे नेतो आणि तो पुरता वाकण्याच्या आतच पुढे आणतो, त्यामुळे आमिष उंच चढते आणि जवळच पडते. ग्लास रॉड मागे नेल्यावर आमिषाच्या वजनाने शेंडा मागे खेचला गेल्याचे मनगटाला जाणवेपर्यंत थांबावे आणि मग झटका न देता, पसरट कमानीत रॉड पुढे आणावा. ही लय साधली की ७ ते १० ग्रॅमचे हलके आमिषही काचेने सहज दूर जाते, कारण तेवढ्या वजनानेही नळी खोलवर वाकते.

कोणत्या कामाला काय

खोल जाणाऱ्या मोठ्या पट्टीच्या क्रँकबेटसाठी काच किंवा काचेचे प्रमाण जास्त असलेला काँपोझिट रॉड मी पहिल्या पसंतीचा मानतो. अशी आमिषे पाण्यात जबरदस्त ओढ लावतात आणि ताठ रॉडवर ती ओढ सरळ मनगटावर येते. मात्र इथे पॉवर कमी घेऊ नये. आमिषाच्या ओढीनेच रॉड निम्मा वाकून गेला, तर मासा लागल्यावर वाकायला काही उरत नाही आणि गळ रुतवायला जोरही मिळत नाही. म्हणून पॉवर ठरवताना आमिषाच्या वजनासोबत त्याची पाण्यातली ओढही लक्षात घ्यावी. साधारण २० ग्रॅमच्या पुढच्या खोल आमिषाला मीडियम-हेवी पॉवर, मॉडरेट अ‍ॅक्शन आणि साडेसात ते आठ फूट लांबी चांगली पडते. लांबीचे कारण सरळ आहे: फेक जितकी लांब, तितका वेळ आमिष आपल्या पूर्ण खोलीवर चालते.

उथळ पाण्यात बुडालेली लाकडे आणि दगड यांच्या आसपास चौकोनी पट्टीचे क्रँकबेट चालवताना निवड इतकी सरळ राहत नाही. आमिष लाकडावर आपटते, बाजूला उसळते आणि बहुधा त्याच क्षणी मासा ते घेतो; मऊ रॉड असेल तर आमिष अडथळ्यावरून सैलपणे घसरून जाते आणि गळ कमी अडकतात. पण तिथे नेमक्या जागी फेकणेही आवश्यक असते, आणि त्यासाठी चटकन सरळ होणारा रॉड बरा. साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम पॉवरचा काँपोझिट रॉड या दोन्ही गरजा भागवतो, आणि या कामासाठी तोच घ्यावा.

पट्टी नसलेली क्रँकबेट, म्हणजे पोटात छर्रे असलेली आणि बुडणारी आमिषे, पाणवनस्पतींवरून ओढली जातात. त्यांना वनस्पतींतून हिसका देऊन सोडवावे लागते आणि नेमक्या त्या सुटण्याच्या क्षणी मासा तुटून पडतो. पूर्ण काचेचा रॉड इथे कमी पडतो, कारण हिसक्याचा बराचसा जोर त्याच्या लवणीतच जिरतो. या एका कामाला मॉडरेट-फास्ट अ‍ॅक्शनचा कार्बन रॉड किंवा कार्बनचे प्रमाण जास्त असलेला काँपोझिट रॉड घ्यावा.

थंड पाण्यात वापरायच्या छोट्या, चपट्या आणि हलक्या आमिषांना साधा कार्बन मॉडरेट अ‍ॅक्शनमध्ये मिळाला तर तो उत्तम, कारण त्यांची थरथर मंद असते आणि काचेतून ती नीट कळत नाही. मोठ्या आमिषांच्या बाबतीत संवेदनेची चिंता मी फारशी करत नाही. खोल क्रँकबेटची थरथर इतकी जोरकस असते की काचेतूनही ती हाताला स्पष्ट लागते. ती थांबली, म्हणजे एक तर पट्टीवर गवत अडकले आहे किंवा माशाने आमिष घेतले आहे, एवढे कळले की पुरे.

पहिलाच क्रँकबेट रॉड घेणाऱ्याने सात फुटांच्या आसपासचा, मीडियम पॉवरचा, मॉडरेट अ‍ॅक्शनचा काँपोझिट रॉड घ्यावा. मासेमारीचा बहुतांश वेळ खोल आमिषांतच जातो असे लक्षात आले, तर दुसरा रॉड शुद्ध काचेचा घ्यावा. एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी: काँपोझिट या शब्दाखाली काहीही विकले जाते. काही रॉडमध्ये काच आणि कार्बन यांचे थर पूर्ण लांबीभर एकत्र असतात, तर काहींत बुंधा कार्बनचा आणि शेंडा काचेचा असतो. दुसऱ्या प्रकारात सांध्याच्या जागी कमान मोडल्यासारखी वाटत असेल, तर तो रॉड सोडून द्यावा.

दोरीचा हिशेब धरूनच निवड

माशाला जाणवणारी एकूण लवण ही रॉड, दोरी आणि रिळाचा ड्रॅग (किती ओढीला रिळातून दोरी सुटावी हे ठरवणारी व्यवस्था) या तिन्हींची मिळून बनते. मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा तंगूस, चांगलाच ताणतो. फ्लोरोकार्बन ताणतो, पण तो पाण्यापेक्षा बराच जड असल्याने आमिषाला खोल जायला मदतही करतो. विणलेली दोरी जवळजवळ ताणतच नाही. लांब फेकीच्या टोकाला मासा लागला तेव्हा तीस-चाळीस मीटर दोरी बाहेर असते आणि ती बरीच ताणली जाते. तिथे मऊ काच आणि मऊ तंगूस एकत्र आले तर गळ रुतायला जोर कमी पडतो. तोच मासा होडीपासून दोन मीटरवर येतो तेव्हा दोरीची लवण जवळपास संपलेली असते आणि सगळा भार रॉडवर येतो. मासे निसटतात ते बहुधा इथेच. म्हणून काचेच्या रॉडला फ्लोरोकार्बन जोडावे, आणि ताठ कार्बन वापरायचाच असेल तर त्याला मोनोफिलामेंट जोडावे. विणलेली दोरी वापरणाऱ्याने तर काचेचाच रॉड घ्यावा.

दोरी बारीक असेल तर आमिष अधिक खोल जाते, हेही विसरू नये. आणि मऊ रॉडला टोकदार गळ लागतातच. हिसका कमी असल्यामुळे बोथट आकडा रुतत नाही. नखावर टेकवून ओढल्यावर जो आकडा न रुतता घसरतो, तो बदलावा. मासा लागल्यावर रॉड वर न झटकता बाजूला, पाण्याला समांतर ओढत न्यावा आणि रीळ फिरवणे चालू ठेवावे.

दुकानात काय पाहावे

अ‍ॅक्शनची नावे सगळ्या कंपन्यांत सारखी नसतात, त्यामुळे छापील शब्दावर विसंबू नये. ज्या रिळावर मासेमारी करणार ते सोबत न्यावे, ते रॉडवर बसवावे, दोरी सगळ्या कड्यांतून ओवावी आणि कोणाला तरी तिचे टोक धरून हळूहळू ओढायला सांगावे. रॉड जमिनीशी साधारण ४५ अंशांत धरून कमान बघावी. ती शेंड्यापासून मध्यापर्यंत एकसारखी उतरत गेली पाहिजे आणि कुठेही कोन पडता कामा नये. कमान खोल असताना दोरी दोन कड्यांच्या मध्ये नळीला घासत असेल, तर त्या रॉडला कड्या कमी आहेत. शेंडा बोटांत धरून वाकवण्याची सवय बऱ्याच जणांना असते; कार्बनच्या बाबतीत ती रॉड मोडणारी आहे, कारण सगळा भार शेवटच्या काही इंचांवर येतो.

रीळ बसवलेला रॉड रिळाच्या थोड्या पुढे एका बोटावर तोलून पाहावा. काचेचा शेंडा खाली जाणारच, पण तो फार झपाट्याने खाली जात असेल तर दिवसभराच्या फेकीनंतर मनगट दुखेल. कधी कधी थोडे जड रीळ लावल्याने तोल सुधारतो, आणि काचेच्या रॉडवर हलक्यात हलके रीळ लावण्याचा आग्रह त्यामुळे व्यर्थ ठरतो.

कार्बन रॉड घेतला तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. वापर नसताना आमिषाचा गळ नळीला किंवा कडीच्या आतल्या कड्याला न अडकवता त्यासाठी दिलेल्या आकडीतच अडकवावा, कारण नळीवरचा छोटा ओरखडाही पुढे भार आल्यावर तिथेच तडा पाडू शकतो. दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे: कार्बन वीजवाहक आहे. विजेच्या तारांखाली तो उभा धरू नये, आणि आकाशात गडगडाट सुरू झाला की काच असो वा कार्बन, रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हावे.

नवा रॉड घेणे सध्या शक्य नसेल आणि हाती फास्ट कार्बनच असेल, तरी त्यावर क्रँकबेट चालवता येते. रिळावर मोनोफिलामेंट भरावे, ड्रॅग नेहमीपेक्षा सैल ठेवावा, मासा आमिष घेतल्यावर लगेच हिसका न देता त्याचे वजन जाणवेपर्यंत रीळ फिरवत राहावे, आणि मासा होडीजवळ आला की ड्रॅग आणखी थोडा सैल करून शेंडा पाण्याकडे झुकता ठेवावा, म्हणजे शेवटच्या उसळीला दोरी सुटायला वाव राहतो.